फोटो आणि त्याखालची ओळ

मुलांनो, वर्तमानपत्रातला फोटो पाहताना तुमची नजर आधी फोटोवर जाते, मग त्याखालच्या ओळीवर. या ओळीला मराठीत शीर्षक म्हणतात. उर्दूत तुम्ही उनवान म्हणाल. कधी कधी ही ओळ अशी असते, की अगदी साधा फोटो पाहूनही हसू फुटते.

हे हसू कुठून येते? समजा, चिखलात बसलेल्या म्हशीचा फोटो आहे. त्याखाली 'चिखलात बसलेली म्हैस' असे लिहिले, तर कोण हसणार? ते तर डोळ्यांना दिसतेच आहे! पण असे लिहून पाहा : 'बाईसाहेब अंघोळीला बसल्या आहेत, नंतर या.' आता ती म्हैस माणसासारखी वागू लागते. जे फोटोत नाही, ते शब्दांनी सांगायचे आणि तेही थोडक्यात. ओळ लांबली की गंमत गेली.

प्रवासातल्या फोटोंचेही तसेच. इटलीतील पिसा या गावी एक झुकलेला मनोरा आहे. ११७३ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. जमीन मऊ असल्यामुळे काम चालू असतानाच तो कलू लागला. तिथे जाणारे प्रवासी हात पुढे करून उभे राहतात आणि फोटो काढून घेतात. माणूस कॅमेऱ्याजवळ आणि मनोरा दूर, म्हणून माणसानेच मनोरा धरून ठेवला आहे, असे वाटते. त्याखाली लिहा : 'लवकर या, हात दुखले!' खरे तर मनोरा सावरला तो इंजिनिअरांनी. १९९० साली तो लोकांसाठी बंद केला गेला. झुकलेल्या बाजूच्या समोरच्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून त्याचा कल कमी केला गेला आणि २००१ साली तो पुन्हा उघडला.

जंगली प्राण्यांच्या विनोदी फोटोंची तर जागतिक स्पर्धा भरते. ती २०१५ साली दोन ब्रिटिश छायाचित्रकारांनी सुरू केली. २०२२ साली जेनिफर हॅडली यांचा फोटो पहिला आला. टांझानियातील सेरेंगेटी येथे तीन महिन्यांचा सिंहाचा छावा झाडावरून उतरता उतरता पडतो आहे, असा तो फोटो. शीर्षकाचा अर्थ होता, मांजराच्या जातीला न शोभणारी चपळाई! छाव्याला काही लागले नाही बरे का. तो चार पायांवर उतरला आणि इतर छाव्यांशी खेळायला पळाला. हे कळले, की आपण मोकळेपणाने हसतो.

आता २०२१ चा विजेता फोटो पाहा. चीनमधील युनान प्रांतातले एक सोनेरी माकड तारेवर बसले आहे. शीर्षक आहे 'आई गं!' वाटते, बिचाऱ्याला फार दुखले. पण छायाचित्रकारानेच सांगितले, की ते माकड विव्हळत नव्हते, दरडावत होते.

इथे जरा थांबायला हवे. चिंपांझीने दात दाखवले, की आपण म्हणतो, 'वा, हसला!' पुष्कळदा तो घाबरलेला असतो. स्लो लोरिस नावाचा, टपोऱ्या डोळ्यांचा एक लहान प्राणी आहे. गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या लोरिसची चित्रफीत लाखो लोकांनी हसत हसत पाहिली. 'आणखी गुदगुल्या करा!' ही ओळ तिला सहज सुचते. प्रत्यक्षात लोरिस संकटात हात वर करतो. त्याच्या कोपराजवळ एक ग्रंथी असते. तिचा स्राव चाटून तो आपला चावा विषारी करतो. असली गंमत पाहून लोकांना लोरिस पाळावासा वाटतो. मग तो जंगलातून चोरून पकडला जातो आणि चावू नये म्हणून व्यापारी त्याचे दात तोडतात. अशा फोटोखाली विनोदी ओळ न लिहिलेलीच बरी.

लिहायला दुसरे फोटो खूप आहेत. गाईच्या पाठीवर बसलेला पांढरा बगळा तुम्ही पाहिला असेल. त्याखाली 'विनातिकीट प्रवासी' असे लिहाल? बगळा रागावेल! तो गाईच्या अंगावरच्या माश्या आणि गोचिड्या टिपतो. भाडे तो रोज चुकवतो. मग कोणती ओळ लिहाल?