माशाच्या परावरून घडविलेली यंत्राची बोटे

इंद्रायणीकाठच्या चऱ्होलीपासून चाकणचे कारखाने फार दूर नाहीत. तेथे मोटारींचे सांगाडे जोडण्याचे काम यांत्रिक हात करतात. या पट्ट्यात तोडणीस व निवडणीस माणसे मिळणे कठीण झाले असता, असाच हात टोमॅटो किंवा अंजीर उचलण्यास का लावू नये, असा प्रश्न शेतकरी बंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

पत्र्याचे तुकडे एकाच मापाचे असतात. एका झाडाची दोन फळे मात्र सारखी नसतात. लोखंडी चिमटा ठरलेल्या अंतरापर्यंत मिटतो. फळ मोठे असल्यास ते दबते, लहान असल्यास निसटते. सालीला बारीक चीर पडली तरी तेथून बुरशी शिरते, आणि पेटीतील शेजारची फळेही नासतात.

या अडचणीवरील एक तोड माशाच्या शरीरात सापडली. माशाच्या शेपटीचा पर बाजूने बोटाने दाबला असता तो बोटापासून दूर न जाता उलट बोटाकडेच वळतो. बर्लिनचे लाइफ क्नीझे यांच्या हे 1997 साली ध्यानात आले. परातील प्रत्येक काडी दुहेरी असते. तिचे दोन भाग टोकाशी जुळलेले असून मध्ये लवचीक ऊतीने बांधलेले असतात.

याचा पडताळा घरीही घेता येतो. बांबूच्या वीतभर लांबीच्या दोन पातळ कांबी घ्याव्यात. त्यांची टोके एकत्र बांधून बुंधे तीन बोटांच्या अंतराने फळीवर पक्के करावेत. मध्ये चार आडव्या काड्या खाचेत बसवून दोऱ्याने बांधाव्यात. त्या सरकू नयेत, पण सांध्याप्रमाणे फिराव्यात. आता एका कांबीच्या मध्यावर दाब द्यावा. टोक दाबाच्या बाजूस झुकते. अशी दोन-तीन बोटे रबरासारख्या द्रव्याची करून समोरासमोर बसविली की ती फळाला बिलगतात. फळाचे माप त्यांना कोणी सांगावे लागत नाही. घडणच ते काम करते. फेस्टो या जर्मन कंपनीने याच तत्त्वावर पकडीची बोटे तयार केली आहेत. तिनेच 2010 साली हत्तीच्या सोंडेवरून, हवेच्या दाबाने वळणारा हातही दाखविला. सोंडेत हाड नसते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि बोटे मऊ झाली म्हणजे तोडणी साधली असे नव्हे. पानाआड दडलेले फळ ओळखणे व देठाच्या सांध्यावर ते अलगद मोडणे, ही कामे अधिक बिकट आहेत. सराईत तोडणारी बाई ती न पाहताही करते! म्हणून आमच्या मते अशा यंत्राचा विचार प्रथम निवडणी व भरणीच्या शेडपुरताच करावा. तेथे फळ उघड्यावर, एका थरात व चांगल्या उजेडात असते.

यंत्र पाहावयास गेल्यास विक्रेत्याने ठेवलेल्या फळांवर समाधान मानू नये. आपल्या शेतातील पूर्ण पिकलेली वीस फळे न्यावीत. त्यांपैकी दहा यंत्राकडून व दहा हाताने उचलून निरनिराळ्या पाट्यांत सावलीत ठेवावीत आणि तिसऱ्या दिवशी डाग मोजावेत. बोटांच्या खाचांत अडकलेला रस व माती साध्या पाण्याने निघते किंवा नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.