बगॅसपासून अल्कोहोल : धातू तोच, आधार बदलला की माल बदलतो



उसाची साखर होते आणि मळीचं अल्कोहोल होतं, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण ऊस असेल तर मळी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी मळी कुठून येणार? पुढं ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास केंद्र सरकारनं मनाई केली; ती आठवडाभरात सैल झाली, तरी धक्का बसायचा तो बसलाच. म्हणून सभासद विचारतात, "बगॅस, पाचट, पऱ्हाट्या, तुराट्या यांचं अल्कोहोल होत नाही का?"

होतं. त्याची एक वाट गॅसवरून जाते. ती इथं समजून घेऊ.

पहिली पायरी : गॅस

काडीकचरा भरपूर हवेत जाळला तर राख आणि धूर. तोच बेताच्या हवेत तापवला, तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन जळणारे वायू मिळतात. या मिश्रणाला संश्लेषण वायू किंवा 'सिनगॅस' म्हणतात. हे काही परदेशातलंच नवल नव्हे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात पाचट आणि बगॅसवर चालणारा गॅसिफायर करून दाखवला. तो गॅस भट्ट्या तापवण्यासाठी होता. हवेवर केलेल्या अशा गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो. अल्कोहोलसाठी हवेऐवजी ऑक्सिजन किंवा वाफ वापरावी लागते.

दुसरी पायरी : उत्प्रेरक

हे दोन वायू नुसते एकत्र कोंडले तर अल्कोहोल होत नाही. त्यांना जुळवणारा मध्यस्थ लागतो, तो उत्प्रेरक. तो जोडणी करून देतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. बहुधा तो एखादा धातू असतो. पण धातूचा गोळा ठेवून भागत नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण सच्छिद्र पदार्थावर पसरवावे लागतात. त्या पदार्थाला 'आधार' म्हणतात.

आता कोणी म्हणेल, आधार म्हंजे नुसतं ताट. जेवण तर धातूचं. तसं नाही. को ८६०३२ चं एकच बेणं काळ्या कसदार रानात, मुरमाड माळावर आणि चोपण जमिनीत लावा. तिन्हीकडं उतारा सारखा येईल का? उत्प्रेरकाचंही तसंच आहे, किंबहुना त्याहून नवलाचं. तिथं उताराच नव्हे, पीकच बदलतं!

जपानचे शास्त्रज्ञ इचिकावा यांनी १९७८ च्या सुमारास हे दाखवून दिलं. त्यांनी ऱ्होडियम हा एकच धातू निरनिराळ्या आधारांवर बसवला. झिंक ऑक्साइड किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडवर मुख्यतः मिथेनॉल मिळालं. लँथॅनम, झिर्कोनियम, टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांवर इथेनॉल चांगलं आलं. सिलिका आणि अॅल्युमिनावर मिथेनसारखे वायूच जास्त आले.

कारण असं. इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे दोन अणू. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचे काही रेणू मोडावे लागतात, काही शाबूत राहावे लागतात आणि मग दोघांची गाठ पडावी लागते. सगळेच शाबूत राहिले तर मिथेनॉल. सगळेच मोडले तर मिथेन. हा तोल राखण्यात आधाराचा हात मोठा असतो.

आधाराची आणखी दोन कामं आहेत. एक, कणांना गोळा होऊ न देणं. मिथेनॉलच्या कारखान्यांत तांबं, झिंक ऑक्साइड आणि अॅल्युमिना यांचा उत्प्रेरक १९६६ पासून वापरात आहे. ३०० अंशांच्या वर तापलं की तांब्याचे कण एकमेकांत मिसळून त्याची ताकद जाते. बाकीचे दोघे त्यांना अलग ठेवतात. दुसरं, आधार आम्लधर्मी नसावा. तसा असला तर तयार अल्कोहोलमधून पाणी निघून ईथर बनतं आणि काजळी धरते. म्हणून पोटॅशसारखा अल्क मिसळतात किंवा सक्रिय कोळशाचा आधार घेतात. असा कोळसा बगॅसपासूनही करता येतो.

आपल्या हिशेबाची बाजू

एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. त्यात निम्मं पाणी. आज तो बॉयलरला लागतो. अल्कोहोलकडं वळवायचा तर आधी वाळवणं, मग गॅस धुऊन डांबर, गंधक, क्लोरीन काढणं आणि उच्च दाब देणं आलं. गंधकानं तांब्याचा उत्प्रेरक मरतो. मॉलिब्डेनम सल्फाइडचा गंधक सोसतो, पण त्यातून एकच नव्हे, मिश्र अल्कोहोलं निघतात. ऱ्होडियम तर सोन्याहून महाग.

तेव्हा उद्या कोणी अशी योजना घेऊन सभेपुढं आला, तर नुसतं "किती लिटर?" म्हणू नका. तीन प्रश्न विचारा : धातू कोणत्या आधारावर बसवलाय? आपल्या पाचटाच्या गॅसवर तो किती महिने टिकला? आणि निघालेल्या मालात इथेनॉल किती, मिथेन किती? उत्तरं चोख मिळाली तर पुढं बोलू. नाही मिळाली, तर बगॅस बॉयलरलाच बरा. तिथं त्याचं मोल आपल्याला ठाऊक आहे.

आणि पाचट मात्र जाळू नका. आज ते रानाची ओल धरतं. उद्या कदाचित अल्कोहोलही देईल.