चष्म्याच्या नंबरामागचं गणित

बेंगळुरूच्या मिंटो नेत्र रुग्णालयाची सुरुवात १८९६ ची. तिथल्या काय किंवा कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या काय, चिठ्ठीवरचा 'नंबर' म्हणजे भिंगाची शक्ती, डायॉप्टर या एककात. हे एकक १८७२ साली फ्रेंच नेत्रतज्ज्ञ फर्डिनांड मोनोये यांनी सुचवलं.

हिशेब सोपा आहे: १ ला मीटरमधल्या नाभीय अंतराने भागायचं. समांतर किरण अर्ध्या मीटरवर एकवटणारं भिंग +२ चं, २५ सेंटिमीटरवर एकवटणारं +४ चं. अधिक चिन्ह बहिर्वक्र भिंगाचं, उणे अंतर्वक्राचं. ज्याचा नंबर −२.५, त्याला चष्म्याविना साधारण ४० सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. बेंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकात समोर उभ्या बसची पाटीही त्याला धूसर!

नाभीय अंतरांची थेट बेरीज होत नाही, शक्तीची होते. +२ आणि +३ ची पातळ भिंगं एकमेकांना चिकटवली की +५. डोळे तपासताना जड चौकटीत एकापुढे एक भिंगं सरकवतात, ती याच सोयीमुळे.

खुद्द डोळ्याची शक्ती सुमारे ६० डायॉप्टर. त्यातला दोन-तृतीयांश वाटा नेत्रभिंगाचा नसून पुढच्या पारपटलाचा असतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. पाण्याचा अपवर्तनांक पारपटलाच्या फार जवळचा, त्यामुळे पाण्यात डोळे उघडले की ही शक्ती जवळपास संपते आणि सगळं पुसट दिसतं. पोहण्याचा गॉगल डोळ्यापुढे हवेचा थर राखतो आणि ती परत मिळवून देतो.