सीताफळ सफरचंदासारखं वागत नाही



दसरा जवळ आला. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आणि पुढे वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या मांडून आपल्या बाया बसल्या आहेत. सकाळी फळ टणक असतं तेव्हा भाव आपण सांगतो. दुपार कलली, फळ हाताला मऊ लागायला लागलं, की भाव गिऱ्हाईक सांगतं. आणि संध्याकाळी उरलेली पाटी "द्या हो मावशी, उद्या फेकूनच द्यायची ना" म्हणत कुणीतरी निम्म्याहून कमी पैशांत उचलून नेतं. फळ तेच, कष्ट तेच. मधे फक्त आठ तास गेलेले असतात.

मागच्या भागानंतर एका गटाच्या ताईंनी विचारलं, "सफरचंद काश्मीरहून एवढं लांब येतं, तरी कडक राहतं. घरातल्या फ्रिजमध्येही पंधरा-पंधरा दिवस टिकतं. मग आपलं सीताफळ फ्रिजमध्ये ठेवलं की काळं का पडतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण ही चूक आम्हीही केली आहे. एका हंगामात आमच्या गटानं कच्च्या सीताफळाचे क्रेट एका शीतगृहात ठेवले. चार दिवसांनी आणले तर साल काळवंडलेली, आतून फळ पिकायचं नावच घेईना. शीतगृहवाल्यांचा दोष नव्हता. किती थंडी चालेल हे आम्हीच विचारलं नव्हतं.

झाडावरून तोडलं तरी फळ जिवंत असतं. ते श्वास घेतं, आतली साखर खर्च करतं, ऊब सोडतं. सफरचंद आणि सीताफळ दोन्ही तोडल्यावर पिकणारी फळं. दोन्हीही पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्या वायूनं शेजारचं फळही लवकर पिकतं. एक सडकं सफरचंद अख्खी पेटी नासवतं ते यामुळेही. इथवर दोघं भाऊ-भाऊ. पण सफरचंद थंड मुलखातलं झाड. त्याच्या फळाला शून्य-एक अंश थंडी सोसते. तेवढ्या थंडीत त्याचा श्वास अगदी मंद होतो. काश्मीर-हिमाचलात सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडलेली सफरचंदं प्राणवायू कमी केलेल्या थंड खोल्यांमध्ये ठेवतात, म्हणून होळीनंतरही जाधववाडीच्या बाजारात कडक सफरचंद दिसतं.

सीताफळ मूळचं अमेरिकेकडच्या उष्ण भागातलं. आपल्याकडे ते समुद्रमार्गे आलं आणि बालाघाटच्या डोंगरात, आपल्या मुरमाड जमिनीत असं रुजलं की ते आपलंच वाटतं. बीडच्या सीताफळाला तर 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण उष्ण मुलखाचा स्वभाव सुटला नाही. साधारण 12-13 अंशांच्या खाली कच्च्या सीताफळाला थंडी बाधते. घरचा फ्रिज असतो चार-पाच अंशांवर. केळं फ्रिजमध्ये ठेवून बघा, तेच होतं. म्हणून सीताफळाला गारवा द्यायचा, थंडी नाही. पूर्ण पिकलेलं फळ मात्र एक-दोन दिवस फ्रिजमध्ये चालतं. साल काळी पडेल, गर खाता येतो.

आता खरी गोष्ट. सीताफळ किती दिवस टणक राहणार हे बरंचसं झाडावरच ठरतं. फळाचे डोळे नीट बघा. खवले फुगून एकमेकांपासून सुटायला लागतात आणि मधल्या खाचा हिरव्याच्या पिवळसर-पांढऱ्या होतात, तेव्हा डोळे उघडले म्हणायचं. खाचा हिरव्या आणि घट्ट असताना तोडलेलं फळ जास्त टिकेल असं वाटतं, पण ते पिकतच नाही, आकसतं आणि काळं पडतं. खाचा रुंद होऊन फळाला चीर जायला लागली तर उशीर झाला. ते फळ पाटीत घालू नका, घरी ठेवा. एका झाडावरची सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, म्हणून एक-दोन दिवसांआड फेरी मारावीच लागते. बाग एकदाच झोडून मोकळं होणाऱ्याला व्यापाऱ्याचा भाव घ्यावा लागतो.

तोडणी सकाळी दव वाळल्यावर, उन्हं चढायच्या आत करावी. फांदी हलवून फळ पाडू नका. जिथे फळ आपटलं तिथून ते आधी मऊ होतं. कात्रीनं बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून कापा आणि लगेच सावलीत न्या. खाचांमध्ये पांढरे पिठ्या ढेकूण बसले असतील तर मऊ ब्रशनं झाडा. धुवायच्या फंदात पडू नका, खाचांत पाणी राहिलं की बुरशी आलीच. गोणीत तर कधीच भरू नका. गोणीत तळाच्या फळांचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे, तरी दरवर्षी आपण भरतोच! पाटीत किंवा क्रेटमध्ये खाली सीताफळाचाच पाला घालावा, वर दोनच थर.

मग बसून निवड करावी. आज पिकणारी, उद्याची आणि परवाची अशा वेगवेगळ्या पाट्या. हे काम आजीबाईंना द्या, त्यांच्या बोटांना बरोबर कळतं. रस्त्यावर एकदम सगळा माल नेण्याची गरज नाही. पिकलेलं फळ कच्च्याजवळ ठेवू नका, पिकलेली केळीही दूर ठेवा. उलट कुणाला उद्याच पाहुण्यांसाठी पिकलेलं हवं असेल तर पिकलेल्या केळ्याबरोबर डब्यात झाकून ठेवा. कार्बाइडची पुडी नको, त्यावर कायद्यानं बंदी आहे आणि सीताफळाला तिची गरजही नाही.

परवाची पाटी गार ठेवायला विटांचा हौद करता येतो. दिल्लीच्या पुसा संस्थेत तयार झालेला हा शून्य ऊर्जा शीतकक्ष. वीज लागत नाही. साधारण साडेपाच फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच. खाली विटांचा थर, भोवती विटांच्या दोन भिंती, मधे तीन इंच जागा आणि त्या जागेत वाळू. चारेकशे विटा लागतात, शंभर किलोपर्यंत माल मावतो. सकाळ-संध्याकाळ वाळू आणि विटा भिजवायच्या, वर बांबू-गवताचं झाकण आणि वरून सावली हवीच. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, माठासारखंच. पावसाळी दमट हवेत याचा फार उपयोग नाही. पण ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात आत चांगला गारवा धरतो, आणि तो सीताफळाला बाधेल इतका थंडही होत नाही. एक-दोन दिवस जास्त मिळतात. तेवढ्यात शनिवार-रविवारचं वेरूळचं गिऱ्हाईक गाठता येतं. एवढंच सांभाळा की फळांवर पाणी पडू नये आणि सकाळी झाकण काढल्यावर आधी बघून मगच हात घाला. गारव्याला विंचूही येतो.

तरीही काही फळं मऊ होणारच. ती संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला फुकापासरी देण्याऐवजी गर काढा. दहा किलो फळांतून जातीप्रमाणे तीन ते चार किलो गर निघतो. हात आणि भांडी स्वच्छ हवीत, भांडी स्टीलची घ्या, लोखंडाला गर काळा पडतो. हवा लागली तरी तो तपकिरी होतो, म्हणून काढला की लगेच अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरून, हवा दाबून काढून, पिशवी चपटी करून उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये टाका. रंग टिकवायला क जीवनसत्त्वाची पावडर घालतात. तिचं प्रमाण कृषी विज्ञान केंद्रातून लिहून घ्या, अंदाजानं नको. वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला असेल तर दोन दिवसांपर्यंत निभावतो, अर्धा असेल तर एकच. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवू नये. विकायचा असेल तर अन्न परवान्याची नोंदणी करावी लागते.

बिया मात्र मिक्सरमध्ये फोडू नका. चाळणीवर गर घासून बिया वेगळ्या काढा. सीताफळाच्या बीत विषारी अंश असतो. बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जबर इजा होते. उवांसाठी आरोग्य केंद्रातून औषध आणा.

ज्यांना नवी लागवड करायची आहे त्यांनी जातीचाही विचार करावा. बालानगर गोड आहे पण लवकर मऊ पडतं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांची एनएमके-1 त्याहून जास्त दिवस टिकते. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राची धारूर-6 ही आपल्या मराठवाड्यातलीच. रोपं घेण्याआधी शहरातल्या हिमायतबागेच्या फळ संशोधन केंद्रात एक चक्कर मारा.

राहता राहिला बासुंदीचा प्रश्न, तो तर प्रत्येक भागाला येतो. बासुंदी कडू का झाली? गर उकळत्या दुधात घातला म्हणून. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. दूध आटवून, साखर घालून, पूर्ण गार करा, आणि मग गर कालवा.