मृगाचा मुहूर्त आणि भाताचे आयुष्य

उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये भाताचे खाचर आज औषधालाही सापडणार नाही. परंतु येथून कर्जतची गाडी धरली, की बदलापूर मागे पडताच रुळांच्या दोन्ही अंगांस खाचरे दिसू लागतात. त्यांचे धनी पुष्कळदा आपलेच सहप्रवासी असतात. कारकुनी वा शिक्षकी सांभाळून, रजा मिळेल तेव्हा लावणी उरकणारे. त्यांच्यापुढे एक प्रश्न मांडावासा वाटतो : सर्व वाणांची पेरणी एकाच दिवशी का?

मृग लागला की राबात बी टाकावे, हा पूर्वजांचा नेम खुळा नव्हता. जुन्या गरव्या जाती दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्यावर येत. पेरणी आठवडाभर मागेपुढे झाली, तरी कापणी फारशी हलत नसे. १९६६ साली फिलिपीन्समध्ये प्रसृत झालेला ‘आयआर ८’ आणि १९६८ चा आपला ‘जया’ यांनी हे गणित पालटले. असे नवे वाण दिनमानाची फारशी पर्वा करीत नाहीत. ते पेरणीपासून दिवस मोजतात.

हिशेब करून पाहावा. १० जूनला पेरलेले ११० दिवसांचे हळवे भात २८ सप्टेंबरला तयार होते, १४० दिवसांचे गरवे २८ ऑक्टोबरला. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. म्हणजे हळव्याची लोंबी पिकते ती पावसातच. पीक आडवे होते, दाण्यास मोड येतात. उलट गरव्याची पेरणी जुलैत ढकलली, तर ऐन दाणा भरताना खाचरातील ओल सरते.

शिवाय सारे बी एकदम टाकले, की गरव्याची लावणी संपेपर्यंत हळव्याचे आवण राबातच जून होते. त्याचे आयुष्य मुळात थोडे. लावल्यानंतर फुटवे येण्यास अवधी उरत नाही. फुटवे कमी, तर लोंब्याही कमी.

तेव्हा गरव्याचे बी आधी व सखल, पाणी धरणाऱ्या खाचरासाठी; हळव्याचे आठ-दहा दिवसांनी व उंचावरच्या खाचरासाठी, हा क्रम शहाणपणाचा. ‘कर्जत ३’ सारखे हळवे वाण देणारे कोकण कृषी विद्यापीठाचे केंद्र याच लोहमार्गावर, कर्जतला आहे. तेथे एकवार चौकशी करावी. निदान बी विकत घेताना ‘हा वाण किती दिवसांचा?’ एवढे तरी दुकानदारास विचारावे. त्यासाठी रजा टाकावी लागत नाही.