पानथरी न कापता

सिरोसिसच्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट चाळीस हजार दिसल्या की घरात पपईच्या पानांचा रस सुरू होतो. पण मूळ दुखणं असतं ते डाव्या बरगड्यांखाली वाढलेल्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, आणि तिच्याही मागे यकृतात.

निरोगी पानथरीचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. तिची शीर आतड्याकडून येणाऱ्या शिरेला मिळते आणि त्यातून पोर्टल व्हेन तयार होते. यकृताला मिळणारं सुमारे तीन-चतुर्थांश रक्त हीच शीर आणते. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, फॅटी लिव्हर यांमुळे यकृत निबर झालं, म्हणजेच सिरोसिस झाला, की या रक्ताला पुढे वाट मिळत नाही. नदीला पूर आल्यावर ओढ्यात फुगवटा चढावा तसा दाब मागे पानथरीपर्यंत चढतो आणि ती फुगत जाते. भारतात काही मुलांचं यकृत ठीक असतं, पण पोर्टल व्हेनच गुठळीने बंद झालेली असते. त्यांचीही पानथरी अशीच वाढते.

एरवीही शरीरातल्या जवळपास एक-तृतीयांश प्लेटलेट पानथरीत मुक्कामाला असतात. ती खूप वाढली तर ९० टक्क्यांपर्यंत तिथेच अडकू शकतात. मग कॅन्सरची केमोथेरपी किंवा एखादं ऑपरेशन लांबणीवर पडतं.

पानथरी काढून टाकली तर आकडे सुधारतात. पण सिरोसिसमध्ये ते ऑपरेशन रक्तस्रावाचं असतं आणि त्यानंतर कधीही न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग झाला, तर तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणूनच पानथरी काढलेल्यांना लसी देतात. ती थोडी तरी शिल्लक राहावी, हा डॉक्टरांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

त्यासाठीचा उपाय म्हणजे पार्शल स्प्लेनिक एम्बोलायझेशन. १९७३ मध्ये मॅडिसन यांनी रुग्णाच्याच रक्ताची गुठळी वापरून पानथरीची धमनी बुजवली. मात्र पुढे पानथरीचा पूर्ण रक्तपुरवठा तोडलेल्या रुग्णांत पू होण्यासारखे गंभीर त्रास दिसले. १९७९ मध्ये स्पिगोस आणि सहकाऱ्यांनी अँटिबायोटिक्सच्या संरक्षणात पानथरीचा थोडाच भाग बंद करण्याची पद्धत मांडली. आजची पद्धत त्याच वाटेने जाते.

कॅथलॅबमध्ये फक्त तेवढी जागा बधिर करून जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीत सुई जाते. तिथून बारीक कॅथेटर महाधमनीतून पानथरीच्या नागमोडी धमनीत सरकवतात. डाय सोडला की पडद्यावर तिच्या सगळ्या फांद्या काळ्या उमटतात. ही धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने जाते आणि वाटेत त्यालाही रक्त पुरवते, म्हणून कॅथेटरचं टोक त्या फांद्यांच्या पुढे नेल्याशिवाय धमनी बुजवणारे कण सोडत नाहीत. मिलिमीटरहूनही बारीक कण थोडे सोडायचे, पुन्हा डाय, पुन्हा पाहायचं. साधारण ५० ते ७० टक्के भागाचं रक्त थांबलं की थांबायचं. त्यापुढे गेलं तर पू होण्याचा, पोर्टल व्हेनमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. खरं कसब या थांबण्यात आहे.

नंतर काही दिवस ताप, डाव्या कुशीत दुखणं, मळमळ बहुतेकदा होते; मेलेल्या भागाला शरीर तसं उत्तर देतं. प्लेटलेट काही दिवसांत चढू लागतात आणि साधारण दोन आठवड्यांनी उंची गाठतात. मग थोड्या उतरल्या तरी बहुतेकांत आधीपेक्षा वरच राहतात. यकृताचा सिरोसिस मात्र तसाच राहतो, आणि यकृत अगदीच खचलेल्या रुग्णाला ही प्रक्रिया झेपत नाही.

प्लेटलेट महिनोन्‌महिने कमी असतील आणि सोनोग्राफीत पानथरी मोठी दिसत असेल, तर रस-काढ्यांत वेळ घालवू नका. यकृताची तपासणी आणि पोर्टल व्हेनची डॉपलर करून घ्या. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा.