पिशव्यांपाशी कोण बसणार?

डिसेंबरच्या अखेरीस शाळांना नाताळची सुटी लागली, की पंचवटीत सकाळच्या वेळी दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जाताना दिसतात. एक येणाऱ्यांचा. मराठवाड्यातून, खानदेशातून, गुजरातेतून आलेल्या मोटारी आणि बसगाड्या गंगाघाटाच्या अलीकडे थांबतात. आजी-आजोबा रामकुंडाच्या पायऱ्या जपून उतरतात, मधली पिढी चपला सांभाळते आणि मुले ‘आता पुढे काय?’ असे विचारीत कोणाचा तरी हात ओढीत असतात. दुसरा प्रवाह जाणाऱ्यांचा. पंचवटीतल्याच एखाद्या घरासमोर पहाटेच्या अंधारात भाड्याची जीप उभी राहते, तीत तीन पिढ्या दाटीवाटीने बसतात आणि गाडी सुमारे दोनशे किलोमीटरवरील खोपोलीच्या मनोरंजन-नगरीकडे निघते. तेथे पोहोचताच मुले पुढे धावतील, आईबाप त्यांच्यामागे धावतील, आणि आजी-आजोबा पिशव्यांपाशी बसतील.

पहिल्या प्रवाहात मुले कंटाळतात, दुसऱ्यात वृद्ध. दोन्हीकडे एका पिढीचा आनंद ही दुसऱ्या पिढीची सक्तीची हजेरी ठरते. आणि दोन्हीकडून घरी परतल्यावर मधली पिढी थकून म्हणते, की सर्वांना घेऊन गेलो होतो.

हा प्रश्न कोणास किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरात वर्षाकाठी एकच सहल परवडते, तेथे तो किरकोळ नाही. शिक्षकाच्या वा लिपिकाच्या घरी सहलीचा खर्च महिनोन्‌महिने बाजूला टाकलेल्या पैशांतून होतो. रजा मागावी लागते ती वेगळीच. शिवाय अशा सहलींची संख्याही मोजकीच असते. आजोबांच्या गुडघ्यांना आणि नातवाच्या बालपणाला, दोहोंनाही मुदत आहे. पाचवीतला मुलगा आज आजीचा हात धरून चालतो. तोच नववीत गेला, की त्याला मित्रांसोबत जायचे असते. तीन पिढ्यांना एकत्र हिंडण्याजोगी वर्षे मोजली, तर ती बहुतेक घरांत पाचसहाच्या वर भरत नाहीत.

गंमत अशी, की आधुनिक मनोरंजन-नगरीचा जन्मच मुळी बाकावर बसून राहण्याच्या कंटाळ्यातून झाला, असे तिचा जनक सांगत असे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील घोड्यांच्या चक्राकार पाळण्यावर घेऊन जाई आणि स्वतः बाकावर बसून राही. मुलांनी खेळायचे आणि मोठ्यांनी पाहात बसायचे, असे का असावे? दोघांना मिळून काही करता येईल अशी जागा का नसावी? १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडले ते या विचारातून. पुढे ही कल्पना जगभर गेली. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर १९८४ मध्ये, मुंबईच्या गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. पण कल्पना प्रवास करीत असताना तिचा मूळ हेतू वाटेत कोठे तरी गळला. थरार वाढत गेला, पाळण्यांची उंची आणि वेग वाढला, आणि बाक पुन्हा परत आला. फक्त त्यावर आता बापाऐवजी आजोबा बसलेले दिसतात.

या नगऱ्यांचा व्यवहारही समजून घेण्यासारखा आहे. प्रवेशद्वाराशी एकच मोठे तिकीट घ्यायचे आणि आत हवे तितके पाळणे अनुभवायचे, ही सर्वसाधारण पद्धत. ज्याने पंधरा पाळणे पाहिले त्याला हे तिकीट स्वस्त पडते. जो दोन पाहून बसून राहतो त्याला ते फार महाग. ज्येष्ठांना काही सूट असते हे खरे. पण जी वस्तू वापरायचीच नाही तिच्यावरील सूट ती काय कामाची! वेगवान पाळण्यांपाशी उंचीची पट्टी असते. तीत न बसणारे मूल परत फिरते. हृदयविकार, उच्च रक्तदाब वा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी बसू नये, अशी सूचनाही तेथेच लावलेली असते. म्हणजे एकाच घरातील आठवीतली मुलगी आत जाते, तिचा दुसरीतला भाऊ रडत बाहेर राहतो आणि आजोबांचा तर प्रश्नच येत नाही. या गोष्टी आधी माहीत करून घेता येतात. मुलांची उंची घरच्या दाराच्या चौकटीशी मोजता येते. परंतु सहलीचा बेत आखताना घरोघरी चर्चा होते ती गाडीच्या भाड्याची आणि डब्यात काय न्यावे याची.

वस्तुतः बेत आखण्याची रीतच उलटी हवी. सर्वांत वेगाने धावणाऱ्याच्या चालीने दिवसाची आखणी केली, तर बाकीचे मागे पडतात. सर्वांत सावकाश चालणारा माणूस किती चालू शकतो, त्याला किती वेळाने प्रसाधनगृह लागते, मधुमेहाच्या गोळीनंतर जेवण केव्हा हवे, हे आधी ठरले, की उरलेला दिवस आपोआप आकार घेतो. सकाळच्या थंड वेळी एक-दोन गोष्टी सर्वांनी मिळून पाहाव्यात. मग मुलांनी एका पालकासह पाळण्यांकडे जावे. दुपारी भेटीची जागा आणि वेळ ठरलेली असावी. दुसऱ्या पालकाने ज्येष्ठांसोबत राहावे, आणि हे काम दरवेळी आईच्याच वाट्याला येऊ नये. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्टही पुष्कळ घरांत केवळ मुक्कामाचे पैसे वाचविण्यासाठी असतो. पहाटे चारला उठलेली आजी रात्री अकराला घरी परतते आणि पुढले चार दिवस अंथरुणात काढते; हा खर्च मात्र हिशेबाच्या वहीत कोणी लिहीत नाही.

आणि मुख्य म्हणजे, विचारावे. मुलांना विचारले जाते, कारण मुले हट्ट करतात. वृद्ध हट्ट करीत नाहीत. ‘तुम्ही जा, मी घर सांभाळीन’ असे ते म्हणतात, आणि हे वाक्य खरे मानणे घराला सोयीचे असते. त्यामागे कधी गुडघ्यांची भीती असते, कधी आपल्यामुळे खर्च वाढेल हा संकोच. क्वचित खरोखरच घरी निवांत बसण्याची इच्छाही असते, आणि तिचाही मान राखला पाहिजे. यांतले कोणते कारण खरे, हे एका प्रश्नात कळत नाही.

नाशिककरांना खोपोलीहून जवळचा एक पर्याय शिर्डीस आहे. सिन्नरमार्गे सुमारे नव्वद किलोमीटर. तेथे संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने ‘साई तीर्थ’ ही भक्तिविषयाला वाहिलेली नगरी उभारली आहे. गाडीत बसून देशभरातील मंदिरांच्या प्रतिकृती पाहात जायचे, असा तिच्यातला एक प्रकार. दुसरा ‘लंकादहन’ नावाचा, आसने हलविणारा चित्रपट-खेळ. भक्तीचा असा बाजार मांडावा काय, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच फोल नाही. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे : येथे आजी आणि नातू शेजारी-शेजारी बसतात. मारुतीची गोष्ट आजीला ठाऊक असते, हलणाऱ्या आसनाचे नवल नातवाला असते, आणि खेळ संपल्यावर दोघांपाशी बोलायला एकच विषय असतो.

हा योग नाशिकला नवा नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ हाच विषय पडद्यावर आणला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतली पादत्राणे काढीत, असे सांगतात. तो चित्रपट पाहायला गेलेल्या घरांतून कोणाला पिशव्यांपाशी बसावे लागले नसेल.

पैशांच्या बाबतीत एक गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. राज्य परिवहन महामंडळाने २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य केला. पासष्टीपुढील ज्येष्ठांना अर्धे तिकीट पडते. २०२३ च्या मार्चपासून महिलांनाही अर्धे भाडे झाले. आजोबा शहात्तर वर्षांचे, आजी सत्तरीची, आईवडील आणि बारा वर्षांच्या आतली दोन मुले, असे सहा जणांचे घर एस.टी.ने निघाले, तर भाडे तीन माणसांचे भरते. उलट रेल्वेने ज्येष्ठांना मिळणारी सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली. भाड्याच्या जीपचा मोह टाळता आला, तर त्या पैशांत शिर्डीस एका रात्रीचा मुक्काम बसू शकतो.

आता येणाऱ्यांच्या प्रवाहाकडे वळावे. पंचवटीत आलेल्या मुलांना काय दाखवितात? घाईघाईने पाच-सहा मंदिरे आणि शेवटी आइस्क्रीम. सीतागुंफेत वाकून, अंग चोरून उतरावे लागते. मुलांना त्याची मौज वाटते, पण आजीला ते झेपत नाही आणि तिलाच तर दर्शन हवे असते. काळाराम मंदिराच्या भव्य पाषाणकामाकडे मुलांचे लक्ष जाते. परंतु २ मार्च १९३० रोजी याच मंदिराच्या दारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालविला, वर्षामागून वर्षे लोटली तरी दार उघडले नाही, हे त्यांना कोण सांगतो? इतिहासाच्या पुस्तकात हा सत्याग्रह आहे. पुस्तकातले दार प्रत्यक्ष समोर असताना सोबतच्या शिक्षकानेही ते ओलांडून पुढे जावे, यास काय म्हणावे!

आणि बसायचे कोठे? रामकुंडाच्या परिसरात पायऱ्या पुष्कळ, सावलीचा बाक विरळा. कपालेश्वराला जायचे तर पुन्हा पायऱ्याच. सार्वजनिक वापराच्या इमारती, मग त्या सरकारी असोत वा खासगी, अपंगांना सुगम असाव्यात, असे २०१६ चा कायदा सांगतो. गुडघे दुखणाऱ्या सर्वांचेच त्यात हित आहे. २००३ च्या सिंहस्थात याच परिसरातील चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविकांचे प्राण गेले. तेव्हापासून गर्दीच्या नियोजनाची भाषा रूढ झाली. तीत रस्त्यांची रुंदी असते, अडथळ्यांच्या रांगा असतात. सत्तरीची बाई त्या रांगेत दोन तास उभी राहू शकेल काय, हा प्रश्न २०२७ च्या सिंहस्थाच्या आराखड्यात कोणत्या रकान्यात बसतो, हे महापालिकेने सांगितले तर बरे होईल.

पंचवटीतल्या घरांना मात्र यासाठी थांबण्याचे कारण नाही. खोपोलीच्या बाकावर मुकाट बसणारी आजी गंगेच्या काठी गप्प राहात नाही. दुतोंड्या मारुतीपाशी नातवंडांना नेले, की ती मूर्तीच्या अंगावर बोट ठेवून दाखविते : एकोणसत्तरच्या पुरात पाणी कोठवर आले होते, दोन हजार आठला कोठवर, एकोणीसला कोठवर. मुले मान उंचावून पाहतात आणि विचारतात, की तेव्हा तू कोठे उभी होतीस.